हक्काचे काम आणि उपकाराची चिठ्ठी: नगरपरिषदेच्या शहरांतील नागरिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेल्या शहरांत राहणारे लोक हे प्रश्न भर सभेत क्वचित विचारतात. सभा संपल्यावर, पायऱ्यांवर चपला घालताना मात्र हमखास विचारतात. खालील उत्तरे कोणत्याही पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेली नाहीत. कलमे, मुदती आणि रकमा जागोजागी दिल्या आहेत, त्या अर्ज लिहायला बसल्यावर हाताशी असाव्यात म्हणून.

लोकप्रतिनिधीने लोकांची कामे करायची नाहीत, तर काय करायचे? यात चूक ती कोणती?

कामे करण्यात चूक काहीच नाही. प्रश्न आहे तो काम कोणाच्या नावावर जमा होते याचा. एखाद्या वृद्ध बाईला पतीच्या निधनानंतर घरपट्टीच्या नोंदीवर आपले नाव लावून घ्यायचे आहे. कागद पूर्ण असतील तर ठरलेल्या मुदतीत ती नोंद करून देणे नगरपरिषदेचे कर्तव्य आहे. अर्ज तीन महिने टेबलावर पडून राहतो. मग कोणीतरी तिला बाजूला घेऊन सांगते, ‘भाऊंना एकदा भेटून घ्या.’ भाऊ तिच्या देखत फोन लावतात, ‘आपल्याच माणसाचं काम आहे, बघा जरा’ एवढेच म्हणतात, आणि चौथ्या दिवशी उतारा तिच्या हातात पडतो. तिच्या लेखी ते काम भाऊंनी केले. वास्तविक तिच्या हक्काची वस्तू आधी अडवली गेली आणि मग उपकार म्हणून तिला परत दिली गेली. अडवणारा आणि सोडवणारा यांची ओळख किती जुनी आहे, हे तिला कधीच कळत नाही.

मराठीत याला ‘मिंधे होणे’ असा नेमका शब्द आहे. मिंधा झालेला माणूस रस्ता उखडला तरी बोलत नाही, सभेत हात वर करत नाही आणि निवडणुकीत ‘त्यांचं आपल्यावर आहे’ म्हणून मत देतो. टक्केवारी, ठरावीक ठेकेदार, नातेवाइकांच्या नावावरची कामे हा सारा व्यवहार या गप्प बसण्यावर उभा आहे. म्हणून आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, आणि पुढची सगळी उत्तरे तिच्याभोवतीच फिरतात: आधी अर्ज, मग ओळख. लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतल्याशिवाय कोणाच्याही दारी जाऊ नये.

ओळखीने काम लवकर झाले, तर कोणाचे काय बिघडते?

रांगेत तुमच्या पुढे जो उभा होता, त्याचे. शिवाय तुमचा क्रमांक ओळखीने वर गेला, तसाच तो उद्या ओळखीने खालीही जाऊ शकतो.

माझा अर्ज अडवून ठेवला आहे. भाऊंकडे न जाता तो पुढे कसा सरकवायचा?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा कायदा नेमका याचसाठी आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की तो राबवण्याची जबाबदारी असलेल्या कार्यालयांतच त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो. या कायद्याखाली प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी तीन गोष्टी ठरवून दिलेल्या असतात: सेवा किती दिवसांत द्यायची, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचे. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी, मालमत्तेच्या हस्तांतरणाची नोंद अशा रोजच्या कामांचा त्यात समावेश आहे. हा तक्ता कार्यालयात दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. तो तुमच्या नगरपरिषदेत कपाटामागे सापडला, तर मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून घ्या. पुढच्या अर्जात त्यातली मुदत शब्दशः लिहिता येते.

मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्यावर समाधान झाले नाही, तर ३० दिवसांत दुसरे अपील आणि त्यानंतर ६० दिवसांत महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटेल, पण दंड संबंधिताच्या नावावर नोंदला जातो, आणि सरकारी नोकरीत नावावर काय नोंदले जाते याची धास्ती रकमेपेक्षा मोठी असते. अर्ज फेटाळायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते, हेही लक्षात ठेवा. ‘साहेब रजेवर आहेत’ हे लेखी देता येण्यासारखे कारण नाही.

आवक-जावक विभागात पोच देत नाहीत. ‘अर्ज ठेवून जा, साहेबांची सही झाली की बघू’ असे सांगतात.

हा प्रसंग इतक्या लोकांनी सांगितला आहे की त्यावर वेगळे लिहिणे भाग आहे. पोच ही साहेबांच्या सहीची गोष्टच नाही. अर्ज मिळाला, एवढाच तिचा अर्थ. तो मंजूर झाला असा नाही. म्हणून अर्जाच्या नेहमी दोन प्रती न्याव्यात, दुसरी प्रत पुढे करून तिच्यावर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख मागावी, आणि शिक्का उमटेपर्यंत खिडकीपासून शांतपणे हलू नये. बरोबर एखादी व्यक्ती असेल तर बराच फरक पडतो. मी स्वतः एकदा पाऊण तास उभा राहिलो होतो. कारकुनाने शेवटी शिक्का उमटवला तो इतका फिका की आवक क्रमांक वाचताच येईना, आणि मला तो पेनने पुन्हा लिहून घ्यावा लागला.

एवढे करूनही नकारच मिळाला, तर वाद घालू नका. तोच अर्ज टपालाने नोंदणी करून पोचपावतीसह पाठवा, किंवा सेवा अधिसूचित असेल तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून करा. तिथे अर्जाला क्रमांक आपोआप मिळतो आणि तो कोणत्या तारखेला कोणाकडे अडला हे पाहता येते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनातही असे प्रकरण नेता येते. मात्र त्यासाठी आधी विहित मुदतीत अर्ज द्यावा लागतो आणि खालच्या स्तरावर प्रयत्न केल्याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे पुन्हा पोचच.

‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ असा फलक लावलेला रस्ता खरोखर कोणाच्या पैशाने झाला, हे कसे कळेल?

तुमच्या पैशाने झाला, हे न विचारताही सांगता येईल. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात, पण तो पैसा त्यांच्या हातात कधीच येत नाही. ते शिफारस करतात, आणि मंजुरी व खर्च जिल्हा प्रशासनाच्या मार्फत होतो. आमदार निधीची रीतही हीच आहे. नगरसेवकाच्या बाबतीत तर तो नगरपरिषदेचा, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीचा आणि शासकीय अनुदानाचा पैसा असतो. फलकावरची कृतज्ञता त्यामुळे चुकीच्या पत्त्यावर जाते.

अधिक महत्त्वाचा प्रश्न त्या रस्त्यावर जेवढे लिहिले तेवढे खर्च झाले का, हा आहे. त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास ३० दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे आणि पुढे ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे करता येते. जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आयोगाकडची अपिले मात्र फार काळ तुंबून राहतात. म्हणून पहिल्या अर्जातच काय मागायचे ते नीट ठरवलेले बरे.

‘रस्त्याच्या कामाची सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. त्याला ‘माहिती मोघम आहे’ असे एका ओळीचे उत्तर येते. कामाचे नाव आणि वर्ष लिहून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक आणि दोष दायित्व कालावधी (काम बिघडल्यास ठेकेदाराने ते स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ) यांच्या प्रती मागा. यातली मोजमाप पुस्तिका, जिला सगळे ‘एमबी’ म्हणतात, हे खरे हत्यार आहे. अभियंत्याने प्रत्यक्ष जागेवर मोजून लांबी, रुंदी, जाडी लिहायची आणि त्यावर देयक निघायचे, अशी ती पद्धत आहे.

आमच्या भागातल्या एका गल्लीच्या काँक्रीटची जाडी त्या पुस्तिकेत १५० मिलिमीटर लिहिलेली होती. योगायोगाने पुढच्याच महिन्यात नळाच्या गळतीसाठी तोच रस्ता फोडला गेला आणि काँक्रीटची कड उघडी पडली. शेजारच्या घरातील सातवीतल्या मुलीची फूटपट्टी आणून लावली, तर चार इंचही भरेना. आम्ही फूटपट्टीसह छायाचित्र काढले, पुस्तिकेच्या पानाची प्रत जोडली, आणि संयुक्त पाहणीची मागणी करणारा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे दिला. पाहणी झाली आणि ठेकेदाराच्या अंतिम देयकातून काही रक्कम कापली गेली. रस्ता तेवढाच पातळ राहिला. याला विजय म्हणावे की नाही, यावर आमच्यात अजूनही एकमत नाही. पण त्यानंतरच्या दोन गल्ल्यांत काम चालू असताना अभियंता स्वतः टेप घेऊन उभा होता, एवढे आम्ही पाहिले. माहिती अधिकाराच्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, तो फारच थोडे लोक वापरतात.

आणखी एक कागद मागून ठेवा: स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल. नगरपरिषदेच्या खर्चावर सरकारच्याच लेखापरीक्षकांनी घेतलेले आक्षेप त्यात असतात. एकाच कामाचे तुकडे पाडून ई-निविदा टाळणे, देयकातून करकपात न करणे, अग्रिम रकमा वसूल न होणे अशा गोष्टी तिथे तारीखवार सापडतात. त्या तुम्ही शोधून काढण्याची गरज नसते. आक्षेपांचे अनुपालन झाले का, एवढेच विचारायचे असते.

निवडणुकीत पाकीट घ्यायचे आणि मत हव्या त्याला द्यायचे, यात गैर काय? पैसा शेवटी आपलाच आहे.

हा युक्तिवाद हुशार आहे आणि सर्वांत जास्त ऐकू येणाराही आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

कायद्यापासून सुरुवात करू. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार मतासाठी लाच देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात, आणि कलम १७३ मध्ये एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. घेणाऱ्यावर गुन्हा क्वचितच नोंदवला जातो, हे खरे. पण ‘मी घेतले’ हे ज्याला माहीत आहे, त्याच्यासमोर तुम्ही पुढची पाच वर्षे कोणत्या तोंडाने तक्रार नेणार? नळाला पाणी नाही म्हणून गेलात, की तो नुसता हसतो. काही ठिकाणी स्पष्ट बोलूनही दाखवतात: ‘तुमचा हिशेब त्याच रात्री झाला होता.’

मत गुप्त असते, हे अर्धेच सत्य आहे. तुमचे एकट्याचे मत कोणाला कळत नाही, हे बरोबर. परंतु मोजणी यंत्रानुसार होते, नगरपरिषदेचा प्रभाग लहान असतो आणि एका मतदान केंद्रावर चार-पाच गल्ल्यांचीच नावे असतात. कोणत्या केंद्रावर किती मते पडली, हे मोजणीच्या टेबलाजवळ बसलेला प्रतिनिधी लिहून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणती वस्ती ‘फुटली’ याची चर्चा सुरू होते. पैसे वाटणाऱ्याला तुमचे नाव नको असते, त्याला गल्ली पुरते. त्यामुळे पाकीट घेऊन मत फिरवले तरी धाक गल्लीवर राहतोच. पाकीट परत केले, तर नकार गल्लीला कळवण्याचा तो एक मार्ग होतो.

आणि ‘पैसा आपलाच आहे’ हे म्हणणे तर शब्दशः खरे आहे. वाटलेली रक्कम पुढे ज्या कामांतून वसूल होते, त्याच कामांची जाडी आम्ही फूटपट्टीने मोजत होतो.

तक्रार कोठे करायची, हेही ठाऊक असावे. नगरपरिषदेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही; ती राज्य निवडणूक आयोग घेतो आणि स्थानिक पातळीवर निवडणूक निर्णय अधिकारी जबाबदार असतो. विधानसभा-लोकसभेच्या वेळी तक्रारीसाठी वापरलेले ॲप इथे चालेलच असे समजू नका. लेखी तक्रार निर्णय अधिकाऱ्याकडे आणि पोलिसांकडे, दोन्हीकडे द्यावी.

माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी याच साहेबांनी पत्र दिले होते. आता त्यांच्या विरोधात बोलणे कृतघ्नपणा नाही का?

हा प्रश्न विचारताना एका गृहस्थांचा आवाज कापत होता, आणि त्याला ठोकळेबाज उत्तर देणे क्रूरपणाचे ठरेल. अडचणीत धावून येणाऱ्या माणसाचे ऋण मानणे हा चांगला संस्कार आहे, तो सोडायचा नाही.

तरीही ते पत्र कशासाठी होते, हे पाहावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका यांच्या आधारे तुम्ही ही सवलत स्वतः मागू शकता, आणि नाकारल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करू शकता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील उपचारांनाही कोणाच्या पत्राची अट नाही. साहेबांनी स्वतःच्या खिशातून रक्कम दिली असेल, तर ती त्यांची मदत आहे आणि तिची परतफेड त्यांच्या घरच्या अडचणीला धावून जाऊन करता येते. त्यांनी केवळ सरकारी हक्काचे दार दाखवले असेल, तर आभार मानावेत. रस्त्याच्या निविदेवर गप्प बसणे ही त्याची किंमत असू शकत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या ठिकाणी हा गुंता जास्त असतो. तिथे लाभार्थ्यांची छाननी करणाऱ्या तालुका समितीवर पालकमंत्र्यांनी सुचवलेले अशासकीय अध्यक्ष असतात, त्यामुळे विधवा आणि वृद्धांना ‘पगार चालू करून दिला’ असे सांगणे सोपे जाते. अशा लाभार्थ्यांना आम्ही आघाडीवर उभे करत नाही, आणि कोणी करूही नये.

माझा मुलगा नगरपरिषदेत ठेकेदारामार्फत कामाला आहे. मी सही केली तर उद्या त्याला घरी बसवतील.

मग तुम्ही सही करू नका. ज्याची चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटते, त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणारे लोक बहुधा निवृत्तिवेतनधारक असतात, आणि खरे म्हणजे पहिली सही त्यांचीच हवी. निवृत्त शिक्षक, टपाल किंवा बँकेतील माजी कर्मचारी, ज्यांचा नगरपरिषदेशी कोणताही देण्याघेण्याचा संबंध नाही असे लोक प्रत्येक शहरात असतात. तुम्ही त्यांना कामाचे नाव, तारीख, ठिकाण एवढे अचूक सांगितले तरी तो मोठा वाटा आहे. मुलाच्या बाबतीत एवढे पाहा, की त्याला किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी कागदोपत्री मिळतो का. तो त्याचा कायदेशीर हक्क आहे आणि नोकरी ज्याने ‘लावली’ त्याच्या मेहरबानीवर अवलंबून नाही.

माझेच वरच्या मजल्याचे बांधकाम विनापरवाना आहे. मी कोणत्या तोंडाने बोलू?

हेच त्यांना हवे असते. आपली दोरी त्यांच्या हातात आपणच दिलेली असते: थकलेली घरपट्टी, वाढवलेली पडवी, पुढे सरकवलेली टपरी, बिननोंदीचा नळ. हे सगळे दिसूनही दुर्लक्षित ठेवले जाते, आणि तोंड उघडले की दुसऱ्याच दिवशी नोटीस येते. म्हणून बोलण्याआधी आपले घर कागदोपत्री सरळ करून घ्यावे. थकबाकी हप्त्याने का होईना भरावी. गुंठेवारीतील, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेली जागा असेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट खुली केली आहे. अटी पूर्ण होतात का हे पाहून अर्ज करावा. सगळेच नियमित होईल असे नाही.

या बाबतीत कायदा नगरसेवकांनाही सोडत नाही, हे सांगितले पाहिजे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ४४ नुसार स्वतः किंवा जोडीदाराने अनधिकृत बांधकाम केले असेल, तर नगरसेवकाचे पद जाऊ शकते.

थेट लाच मागितली तर?

देऊ नका, आणि नाही म्हणून भांडूही नका. ‘दोन दिवसांत व्यवस्था करतो’ एवढे म्हणून बाहेर पडा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधा. विभाग आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतो, बहुधा ध्वनिमुद्रण करून. मग नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावली जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण नोटा हाताळलेली बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की पाणी गुलाबी होते. सापळ्यात अडकलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळते.

२०१८ च्या सुधारणेनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात लाच देणाराही दोषी ठरतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. मात्र सक्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवले, तर तो गुन्हा धरला जात नाही. आधी पोलिसांना कळवून दिलेली रक्कमही गुन्हा नाही. ‘मी फक्त मध्यस्थ’ म्हणणाऱ्यालाही सूट नाही, कारण कलम ७अ खाली लोकसेवकावर वजन वापरण्यासाठी पैसे घेणाऱ्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. नगरसेवक हा कायद्याच्या दृष्टीने लोकसेवकच आहे.

गणेशोत्सव मंडळाने नेत्याची देणगी घ्यावी का?

पावती फाडून घ्यावी, वार्षिक हिशेबात इतर वर्गणीदारांच्या ओळीतच नाव छापावे, आणि कमानीवर फोटो लावू नये. वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते आणि हिशेबही द्यावा लागतो. मंडळाचा स्वतःचा हिशेब चोख असेल तर नगरपरिषदेकडे हिशेब मागताना मान वर राहते. टी-शर्टच्या पाठीवर कोणाचे नाव आहे, यावरून मंडळ कोणाचे ते ठरते, असे मुलांना वाटत असते. मुलांचे फारसे चुकत नाही.

सर्वसाधारण सभेत नागरिकांना काही स्थान आहे का?

मर्यादित आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, प्रभाग समित्या आणल्या. पण त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी सक्तीच्या आहेत, त्यामुळे बहुतेक नगरपरिषदांत नागरिकांना अधिकृतपणे बसण्याची जागाच उरत नाही. राहते ती सर्वसाधारण सभा, जी सामान्यतः लोकांना ऐकण्यासाठी खुली असते. बोलता येत नाही, पण पाच-सहा लोक वही घेऊन मागे बसले तरी पंचवीस विषय दहा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून उरकण्याचा वेग कमी होतो. सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त मागून घ्या. अनेकदा सभेत न झालेली चर्चा इतिवृत्तात झालेली असते. एखादा ठराव बेकायदा वाटला तर जिल्हाधिकाऱ्यांना नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार आहे, आणि नागरिक तसा अर्ज करू शकतात.

सभागृहात एकटा माणूस काय करणार, असे आपल्या नगरसेवकाने विचारले तर त्याला पुण्याच्या नगरपालिकेची आठवण करून द्यावी. जोतीराव फुले तेथे १८७६ ते १८८२ या काळात सभासद होते, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून शहर सजवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा शिक्षणावर खर्च करावा असे म्हणत त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. नेमणूक करणाऱ्याचे मिंधे होणे त्यांना सहज शक्य होते.

विरोध करणाऱ्याच्या जिवाला धोका असतो, हे खरे आहे ना?

खरे आहे, आणि ते लपवून कोणाला पुढे ढकलू नये. तळेगाव दाभाडे या नगरपरिषदेच्याच शहरात जमीन गैरव्यवहार बाहेर काढणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी हत्या झाली. जिथे जमीन, वाळू किंवा मोठ्या बांधकामाचा पैसा गुंतलेला असतो, तिथे धोका रस्त्याच्या किंवा दाखल्याच्या प्रश्नापेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

त्यातून जे शिकण्यासारखे आहे ते असे, की एका नावावर सगळे अर्ज ठेवू नयेत. एकाच विषयावर पाच जणांनी वेगवेगळ्या तारखांना माहिती मागावी. कागदांच्या प्रती शहराबाहेरच्या नातेवाइकाकडेही ठेवाव्यात. धमकी आली तर ती किरकोळ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी पोलिसांत लेखी नोंदवावी आणि तिचीही पोच घ्यावी.

माहिती अधिकाराच्या नावाखाली काही जण ठेकेदारांकडून वसुली करतात. तुम्हीही त्यातलेच, असे लोक म्हणतात.

असे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही शहरांत तर त्यांचे दर ठरलेले असतात असे ऐकू येते. या आरोपावर आमच्याकडे एकच उपाय आहे: मिळालेला कागद त्याच दिवशी सर्वांसमोर ठेवणे. जो कागद सगळ्यांनी वाचला, त्याच्या बदल्यात पैसे मागता येत नाहीत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, तेव्हा हजेरीपट आणि कामांची बिले गावासमोर मोठ्याने वाचली जात; आपले नाव मजुरीच्या यादीत आहे हे अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळले. आपल्याकडे चौकात किंवा मंदिराच्या सभामंडपात एका गल्लीची मोजमाप पुस्तिका वाचायला तासभर पुरतो. ठेकेदार आणि नगरसेवक यांनाही रीतसर निमंत्रण द्यावे. आले तर त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे.

सध्या प्रशासक असला तर?

ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या, त्या काळात महाराष्ट्रातील बहुतेक शहरांनी प्रशासक अनुभवला आहे. नगरसेवक नसले म्हणजे वशिला संपतो असे नाही. तो फक्त वरच्या मजल्यावर जातो आणि आमदारांच्या कार्यालयातून चालतो. वर सांगितलेले सर्व कायदे प्रशासकालाही तसेच लागू आहेत.

आम्ही आमच्यातलाच एक स्वच्छ माणूस निवडून आणला आणि तोही सहा महिन्यांत ‘दादा’ झाला. आता?

असे घडते, आणि त्यात आपलाही हात असतो. तो निवडून आला त्या संध्याकाळीच आपण हार घेऊन गेलो आणि जाता जाता पुतण्याच्या नळजोडणीचे सांगून आलो. तो नाही म्हणाला असता तर आपणच त्याला गर्विष्ठ ठरवले असते. म्हणून मागणी तोंडी न्यायची नाही, हे निवडणुकीआधीच दोन्ही बाजूंनी ठरलेले असावे. काम लेखी असेल, पोच असेल, तर त्याला सुरुवातीलाच म्हणता येते, की अर्जाची मुदत अजून संपलेली नाही, संपली तर अपील करा, मी बरोबर येतो. आमच्याकडच्या एका नगरसेविका अजूनही घरी आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतात, ‘आवक नंबर काय आहे?’ आणि नंबर नसेल तर कोरा कागद आणि पेन पुढे सरकवतात. सुरुवातीला लोक चिडून उठून जात. आता बरेच जण दोन प्रती घेऊनच येतात.